बंदूक खाली ठेवल्यावर

दोन वर्षांपूर्वी ऐन चैत्रात माझा गुडघा दुखावला. महिनाभर जिना चढायचा नाही, मांडी घालून बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. सकाळचं देवदर्शनसुद्धा बंद झालं. मग स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीपाशी खुर्ची टाकून मी बसू लागले. बेळगावात आमच्या गल्लीत परस शिल्लक असलेली जी दोन-चार घरं आहेत, त्यांतलं आमचं एक. परसात शेवगा आहे. त्या शेवग्यावर रोज उजाडायच्या आधी एक पक्षी येऊन गायचा. वरून काळाभोर, पोट पांढरंशुभ्र, पंखावर पांढरी पट्टी आणि शेपटी वर उचललेली. इतकी वर्षं या घरात काढून मला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. नातीच्या पुस्तकात सापडलं: दयाळ.

नाव वाचून आधी हसू आलं, मग थोडी लाज वाटली. जीवदयेच्या गोष्टी ऐकत वाढलेली मी, आणि दारातला दयाळ मला ओळखता येऊ नये! आमच्या सासूबाई पन्नास वर्षं गच्चीवर ज्वारी टाकताहेत. पारवे येतात, चिमण्या येतात, कधी पोपट येतात. दयाळ मात्र किडे-अळ्यांवर जगतो. तो ज्वारीला कधी आलाच नाही, म्हणून आमच्या हिशेबातही कधी आला नाही.

नातीची जुनी रंगपेटी घरात पडून होती. म्हटलं, बघू या काढून. पहिल्या दिवशी डोकं काढलं, तोवर तो उडाला. दुसऱ्या दिवशी शेपटी काढली, तर तो वळून बसला. आठवडाभरात माझ्या वहीत कावळ्यासारखं काहीतरी, कोंबडीसारखं काहीतरी, आणि एक चक्क चहाची किटली, एवढं जमा झालं. एक दिवस चिडून मी म्हणाले, "अहो आई, याला कुणीतरी दहाच मिनिटं धरून ठेवलं असतं ना, तर मी काढला असता."

सासूबाई गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "धरून ठेवायचं म्हणतीस? मग कागदावर तरी कशाला पायजे तो?"

त्या सहज बोलल्या, पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. नंतर मी पुस्तकं चाळू लागले, मुलाकडून माहिती मिळवू लागले, तेव्हा कळलं की माझ्या तोंडून निघालेली ती इच्छा पक्षिचित्रांच्या इतिहासाइतकीच जुनी आहे. पक्षी हलतो. चित्रकाराला तो थांबायला हवा असतो. थांबवायचे मार्ग दोनच: पिंजरा, नाहीतर बंदूक. तिसरा मार्ग सापडायला माणसाला फार उशीर लागला, आणि तो सापडण्यात आपल्यासारख्या घरातल्या बायकांचा वाटा मोठा आहे. मैत्रिणींनो, ती गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

सुरुवात आपल्याच देशातून करते. १८०१ साली मद्रासला इंग्रजांचं सुप्रीम कोर्ट नव्याने सुरू झालं. तिथे न्यायाधीश म्हणून सर हेन्री ग्विलिम आले. त्यांच्याबरोबर त्यांची पत्नी एलिझाबेथ आणि एलिझाबेथची बहीण मेरी सिमंड्स या दोघीही आल्या. एलिझाबेथ तेव्हा अडतिशीच्या आसपास होती. हेरफर्ड या गावात वाढलेली. परक्या मुलखात आलेल्या साहेबाच्या बायकोने पंख्याखाली बसून वेळ घालवावा अशी तेव्हाची रीत. ही बाई मात्र तेलुगू शिकू लागली, इथली झाडं आणि फुलं जमवू लागली, आणि पक्ष्यांची जलरंगात चित्रं काढू लागली. जमेल तिथे पक्षी खऱ्या आकाराचा. त्यामुळे मोठ्या पक्ष्यांसाठी कागदही केवढाले लागले असतील! त्यांपैकी १२१ पक्षिचित्रं आज शिल्लक आहेत.

पक्षी पकडणारे लोक तिच्याकडे जिवंत पक्षी आणून देत. तिला मेलेला, भुसा भरलेला पक्षी नको होता. मेल्यावर डोळ्याचा रंग जातो, चोचीचा आणि पायांचा रंग उतरतो, पिसं चपटी बसतात. समोर पक्षी श्वास घेत असला तरच ते रंग मिळतात. तिच्या चित्रांतले पक्षी टवटवीत दिसतात त्याचं कारण हेच. मागे झाडाची फांदी, पाण्याचा काठ, दूरचा प्रदेश, असं बरंच काही ती रंगवायची.

ती घरी आईला आणि बहिणीला लांबलचक पत्रं लिहायची. ती पत्रं आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. १८०७ च्या डिसेंबरात मद्रासलाच तिचं निधन झालं. चित्रं विलायतेला गेली आणि विसरली गेली. शंभरहून अधिक वर्षांनी, १९२४ साली, केसी वुड नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना लंडनमध्ये तो गठ्ठा सापडला. डॉक्टरांना पक्ष्यांच्या पुस्तकांचा नाद होता. त्यांनी तो घेतला आणि कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाकडे सोपवला. डोळ्यांच्याच डॉक्टरच्या नजरेला ती चित्रं पडावीत, हा योगायोग मला फार आवडला.

एलिझाबेथच्या चित्रांना मी मनापासून हात जोडते. पण एक गोष्ट झाकता येत नाही. तिच्या कागदावर जिवंत असलेला पक्षी त्या वेळी कुणाच्या तरी हातात किंवा जाळ्यात होता. 'दहाच मिनिटं धरून ठेवा' ही माझी मागणी तिच्या घरी रोज पुरी होत होती. चित्र झाल्यावर त्या पक्ष्याचं काय झालं, हे चित्र सांगत नाही.

तिच्यानंतर वीस वर्षांनी अमेरिकेत जॉन जेम्स ऑड्युबॉनने जे केलं, ते जगभर गाजलं. त्याचा 'बर्ड्स ऑफ अमेरिका' हा चित्रसंग्रह १८२७ ते १८३८ या काळात छापला गेला. एकूण ४३५ चित्रं, प्रत्येक पान जवळपास मीटरभर उंच. रोहित पक्षी एवढ्या कागदावरही उभा मावेना, म्हणून त्याची मान खाली वाकवून काढली. या माणसाने पक्ष्यांना पहिल्यांदा हालचाल दिली, असं म्हणतात. त्याआधीच्या चित्रांत पक्षी लाकडी फांदीवर ठोकळ्यासारखा बसलेला असायचा. ऑड्युबॉनचे पक्षी भांडतात, झेपावतात, पिलांना भरवतात.

आणि ते सगळे मेलेले होते. तो पक्षी बंदुकीने मारायचा, ताजा असतानाच तारा टोचून एका फळीवर हव्या त्या आविर्भावात ताणून बसवायचा. फळीवर चौकटी आखलेल्या असत, कागदावरही तशाच चौकटी. एकेक चौकट बघून तो चित्र उतरवायचा. रंग उडायच्या आत काम संपवायचं, म्हणून घाई.

त्याने स्वतःच लिहून ठेवलेला एक प्रसंग आहे. तो वाचून मी त्या रात्री नीट झोपले नाही. १८३३ साली बोस्टनमध्ये त्याने एक जिवंत सोनेरी गरुड विकत घेतला. दोन-तीन दिवस त्याच्याकडे बघत बसला. सोडून द्यावा असंही त्याच्या मनात आलं. मग चित्रासाठी मारायचं ठरवलं, पण पिसं खराब होता कामा नयेत. म्हणून बंद खोलीत कोळशाचा धूर केला. गरुड तासन्‌तास त्याच्याकडे बघत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी धुरात गंधक घातलं. माणसांना खोलीत थांबवेना, गरुड मात्र तसाच. शेवटी लांब टोकदार पोलादी सळई त्याच्या काळजात खुपसली. त्यानंतर दोन आठवडे ऑड्युबॉनने ते चित्र काढलं आणि काम संपल्यावर आजारी पडला.

त्याच्या मूळ जलरंगातल्या चित्रात खाली कोपऱ्यात एक इवलासा माणूस आहे. पाठीवर मेलेला पक्षी आणि बंदूक घेऊन तो दरीवर आडव्या पडलेल्या ओंडक्यावरून सरपटत चाललाय. तो माणूस म्हणजे ऑड्युबॉन स्वतःच, असं पुष्कळांना वाटतं. छापील चित्रात तो माणूस नाही. का काढून टाकला, कोण जाणे. मला वाटतं, मूळ कागदावर त्याच्या हाताने खरं ते नोंदवून ठेवलं होतं.

हे वाचताना मला आपल्याकडची यशोधर राजाची कथा आठवली. सोमदेवांनी दहाव्या शतकात संस्कृतात सांगितली, जन्न कवीने १२०९ साली कन्नडमध्ये सांगितली, आणि आमच्या भागात आज्या अजून सांगतात. राजाने खरा कोंबडा मारला नव्हता. आईच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा करून बळी दिला होता. तरीही माय-लेकांना पुढे जन्मोजन्मी मोर, कुत्रा असं होऊन भोगावं लागलं. लहानपणी मला हे फार अन्यायाचं वाटायचं. पिठाच्या कोंबड्याला कुठे दुखतंय? आता वाटतं, त्या कथेत चित्राचाच विचार आहे. आपण एखाद्या जिवाची आकृती करतो तेव्हा मनात काय असतं, हे महत्त्वाचं. राजाच्या मनात मारणं होतं. ऑड्युबॉनच्या मनात पक्ष्यावरचं प्रेमही होतं, यात मला शंका नाही. पण त्या प्रेमाला पक्षी आपला करून घ्यायचा होता.

ऑड्युबॉनबद्दल आणखी एक सांगायलाच हवं, कारण पुस्तकांत ते दोन ओळींत उरकतात. तो रानोमाळ फिरत होता तेव्हा घर चालवत होती त्याची बायको लूसी. शिक्षिकेची नोकरी करून तिने मुलं वाढवली आणि नवऱ्याला पुस्तक छापायला विलायतेला जाता यावं म्हणून पैसेही जमवले. त्याच्या मृत्यूनंतर, १८६३ साली, तिने मूळ चित्रं न्यूयॉर्कच्या हिस्टॉरिकल सोसायटीला विकली. ती तिथे अजून जपून ठेवलेली आहेत.

बंदूक खाली कशी ठेवली गेली, ही यापुढची गोष्ट. तिची सुरुवात चित्रशाळेत झाली नाही, बायकांच्या टोप्यांवर झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत बायकांच्या टोप्यांवर पिसं लावायची टूम निघाली. नुसती पिसं नव्हे, पंख, कधी अख्खे छोटे पक्षीसुद्धा. सगळ्यांत मागणी होती बगळ्याच्या तुऱ्यांना. विणीच्या दिवसांत बगळ्याच्या पाठीवर जाळीसारखी नाजूक पिसं येतात, तीच हवी असत. म्हणजे मारायचा तो नेमका घरट्यात पिलं असताना. आई-बाप गेले की पिलं घरट्यातच उपाशी मरायची. आपल्या देशातूनही हा माल जात होता. १९०२ साली सरकारने हिंदुस्थानातून पक्ष्यांची कातडी आणि पिसं बाहेर पाठवण्यावर बंदी घातली, पण चोरून ते चालूच राहिलं.

१८८९ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या डिड्सबरी गावात एमिली विल्यमसन या बाईंनी आपल्या घरी मैत्रिणींना बोलावलं आणि पिसं न वापरण्याचं वचन घेतलं. त्याच सुमाराला क्रॉयडनला एलायझा फिलिप्स यांच्याकडेही बायका जमू लागल्या होत्या. १८९१ मध्ये दोन्ही मंडळं एक झाली. १९०४ साली या संस्थेला राजाची सनद मिळाली. आज जगातल्या मोठ्या पक्षिसंरक्षक संस्थांत तिची गणना होते. सुरुवातीच्या नियमात शहामृगाच्या पिसांना सूट होती आणि खाण्यासाठी मारलेल्या पक्ष्यांच्या पिसांनाही. आपल्याला ते अर्धवट वाटेल. पण सुरुवात अर्धवटच असते, हे घरात कुठलाही नवा नियम लावून पाहिलेल्या बाईला सांगायला नको.

अमेरिकेत बोस्टनच्या हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या दोघी नात्यातल्या बायकांनी १८९६ साली गावातल्या प्रतिष्ठित बायकांना चहाला बोलावून हेच काम केलं. त्यांच्या मंडळाला नाव दिलं ऑड्युबॉनचं! ज्या बोस्टनमध्ये त्याने गरुडाला सळई खुपसली, त्याच गावात त्याच्या नावाने पक्षी वाचवायचं मंडळ निघालं. इंग्लंडमध्ये पिसांच्या आयातीवर बंदी आणणारा कायदा व्हायला मात्र १९२१ साल उजाडलं. एमिलीबाईंच्या त्या बैठकीनंतर बत्तीस वर्षं.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आपल्या मुनिमहाराजांची पिच्छी होती. मोर आपणहून पिसं गाळतो. ती गोळा करून, निवडून, बांधून पिच्छी होते. चातुर्मास संपताना जुनी पिच्छी बदलून नवी दिली जाते, तो सोहळा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. मोराला न दुखवता मिळालेलं पीस, आणि तेही कशासाठी, तर बसण्याच्या जागेवरचा बारीक जीव हळूच बाजूला करण्यासाठी. पीस टोपीतही असतं आणि पिच्छीतही असतं. मधलं अंतर केवढं आहे!

तर बायकांनी पिसं नाकारली. पण पक्षी जवळून पाहायचा कसा, हा प्रश्न उरलाच. त्या काळच्या अभ्यासकांना हातात धरलेला पक्षीच खरा वाटायचा. लांबून नुसता पाहिलेला पक्षी पुरावा म्हणून चालत नसे. याला उत्तर दिलं फ्लॉरेन्स मेरियम या तरुण मुलीने. नाटकगृहात रंगमंचावरचे चेहरे जवळ दिसावेत म्हणून बायका हातात छोटी दुर्बीण ठेवायच्या. फ्लॉरेन्स ती घेऊन रानात गेली आणि १८८९ साली तिने त्यावर पुस्तकच लिहिलं. बंदुकीच्या जागी नाटकातली दुर्बीण! पुढे १८९४ साली जर्मनीत झाइस कंपनीने लोलकांची दुर्बीण बाजारात आणली. आज आपण पाहतो त्या दुर्बिणींची ती आई. त्यानंतर पन्नास पावलांवरचा डोळासुद्धा दिसू लागला.

१९०१ साली एडमंड सेलस यांनी 'बर्ड वॉचिंग' नावाचं पुस्तक लिहिलं. ते आधी शिकार करायचे. नंतर त्यांनी ती सोडली आणि तासन्‌तास बसून पाहण्यात जे कळतं ते मारण्यात कळत नाही, असं ठासून मांडलं. गंमत म्हणजे त्यांचे सख्खे भाऊ फ्रेडरिक सेलस हे आफ्रिकेतले नामांकित शिकारी. एकाच घरात दोन्ही!

चित्रकारांमध्ये आर्चिबाल्ड थॉर्बर्न यांचं नाव मोठं आहे. स्कॉटलंडमध्ये १८६० साली जन्मलेला हा माणूस जलरंगातला उस्ताद होता. हिवाळ्यातल्या बर्फावरचा पक्षी आणि त्याच्या पिसांतला ऊबदारपणा त्यांच्यासारखा क्वचितच कुणाला साधला असेल. तेही शिकार करायचे. एकदा जखमी सशाचं ओरडणं त्यांनी ऐकलं आणि त्यानंतर बंदूक कायमची सोडली. वर सांगितलेल्या पक्षिसंरक्षक संस्थेसाठी त्यांनी पुढे नाताळच्या कार्डांवर चित्रं काढून दिली. लाखो पक्ष्यांचे आकडे जिथे पोहोचत नाहीत, तिथे एका सशाचा आवाज पोहोचला.

आपल्या सलीम अलींची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९०८ साली मुंबईत लहानग्या सलीमने छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कुठली चिमणी, म्हणून मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलार्ड साहेबांनी त्याला खण उघडून पक्षी दाखवले, आणि त्या मुलाचं आयुष्य ठरलं. म्हणजे ज्यांनी आपल्याला पक्षी पाहायला शिकवलं, त्यांची वाटसुद्धा बंदुकीपासूनच सुरू झाली. दोष द्यायला सोपं आहे. पण त्या लोकांनी मारून जे शिकून ठेवलं, ते आज आपल्याला न मारता वाचायला मिळतं. हे ऋण मी नाकारू शकत नाही, आणि ते मनाला टोचत राहतं हेही खरं.

यापुढे चित्राची रीतच बदलली. एरिक एनियन नावाचे इंग्रज डॉक्टर होते. १९४५ साली त्यांनी चालता दवाखाना सोडला आणि लोकांना निसर्ग शिकवायचं केंद्र चालवायला घेतलं. ते बाहेर बसूनच पक्षी काढत. त्यांच्या कागदावर एकाच पक्ष्याच्या दहा अर्धवट आकृत्या असतात. एकीला पाय नाहीत, एकीची नुसती पाठ. पण पक्षी त्या क्षणी काय करत होता, ते चार रेषांत आणि रंगाच्या दोन पसऱ्यांत कळतं.

दुसरे चार्ल्स टनिक्लिफ. वेल्समधल्या अँगलसी बेटावर, खाडीकाठच्या घरात १९४७ पासून १९७९ पर्यंत ते राहिले. खिडकीतून आणि किनाऱ्यावरून रोज जिवंत पक्ष्यांची रेखाटनं करायची, हे एक काम. दुसरं काम असं, की कुठे वादळात, तारेला आपटून किंवा रस्त्यावर पक्षी मेलेला सापडला, तर लोक तो त्यांच्याकडे आणून देत. ते त्याचं एकेक पीस मोजून, पंख उलगडून मापाप्रमाणे चित्र काढत. आपणहून गेलेल्या जिवाकडून शिकायचं, आपण त्याला पाठवायचं नाही. मला इथेही पिच्छीच आठवली.

या लोकांची रीत वाचून मी वही पुन्हा उघडली. आता ती अशी. आधी पेन्सिल हातात न घेता पाच मिनिटं नुसतं पाहायचं. पक्षी सारखा हलतो हे खरं, पण तो त्याच त्याच आविर्भावात परत परत येतो. म्हणून एका कागदावर तीन-चार आकृत्या एकदम सुरू ठेवायच्या. तो वळला की हे चित्र सोडून ते धरायचं. परत तसा बसला की पुन्हा पहिलं. अंगासाठी एक अंडं, डोक्यासाठी एक लहान अंडं, शेपटीची एक रेघ, एवढ्यावर सुरुवात. पिसं मोजायची नाहीत. रंग बाजूला शब्दांत लिहून ठेवायचे: 'पाठ काळी, उन्हात निळसर', 'मादी राखाडी'. तो उडून गेल्यावर रंग भरायचा.

जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, तो राखायचा असतो. दयाळाच्या पोटाचा आणि पंखावरच्या पट्टीचा पांढरा म्हणजे कोरा कागद. आधी हलका रंग, वाळू द्यायचा, मग गडद. एकदा काळा पसरला की मागे घेता येत नाही. माझी कितीतरी चित्रं पट्टीवर काळा ओघळ आल्यामुळे गेली. राखून ठेवण्याची सवय आपल्याला व्रतांमुळे असते असं मी समजत होते. कागदापुढे बसल्यावर कळलं की तेवढी नाही.

आणि एक कबुली. बंदूक सोडली म्हणजे हात स्वच्छ झाले असं नाही. जलरंगाचे उत्तम ब्रश प्राण्यांच्या केसांचे असतात. आपले जुने लघुचित्रकार खारीच्या शेपटीचे केस वापरत. पुष्कळ चांगल्या कागदांना जिलेटिनचं पाणी दिलेलं असतं, आणि जिलेटिन हाडा-कातड्यापासून होतं. कार्माईन हा लाल रंग मूळचा किड्यांपासूनचा. हे कळल्यावर मी नायलॉनचे ब्रश आणले. कागद घेताना दुकानदाराला जिलेटिनचं विचारते. पहिल्यांदा तो माझ्याकडे नुसता बघतच राहिला. आता स्वतः डबा उघडून पुठ्ठ्यावरचं वाचून दाखवतो. नायलॉनचा ब्रश पाणी कमी धरतो, माझा पसारा डागाळतो. डागाळू दे.

पण या सगळ्यापेक्षा मोठा हिशेब वेगळाच आहे, आणि तो मला माझ्याशीच करायचा आहे. ऑड्युबॉनने मारलं, पण पाहिलं. आम्ही मारलं नाही, पण पाहिलं का? गच्चीवर दाणे टाकले, पाण्याची वाटी ठेवली, हे पुण्याचं काम झालं खरं. दिल्लीत लाल मंदिराच्या आवारात आपल्या समाजाने पक्ष्यांचं रुग्णालय चालवलं आहे, त्याचा मला अभिमान आहे. पण माझ्यापुरतं सांगते, माझी दया दाणे खाणाऱ्यांपुरती होती. परसातली झुडपं डास होतात म्हणून मीच तोडायला लावली होती. त्या झुडपांत दयाळाचं अन्न होतं, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं, कारण मी पाहिलंच नव्हतं.

ईर्यासमितीत काय सांगितलंय? चार हात जमीन पाहून चालावं. आधी पाहणं, मग पाऊल. मुनींच्या पायाखाली मुंगी येत नाही ती नुसत्या दयेने नव्हे, नजरेने. हा नियम मी लहानपणापासून पाठ म्हणत होते. तो मला कळला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, एका पक्ष्यापुढे हात टेकल्यावर.

गुडघा आता बरा आहे. देवदर्शन पुन्हा सुरू झालंय. झुडपं परत वाढू दिली आहेत. डास थोडे वाढले, म्हणून खिडकीला जाळी बसवली. यंदा पाडव्यानंतर दयाळ पुन्हा गाऊ लागला आणि एक दिवस राखाडी मादीही दिसली. परवा सकाळी पहिल्यांदाच त्याचं डोकं, छाती आणि पंखावरची पट्टी मनासारखी जमली. शेपटी काढायच्या आधी तो उडाला. चित्र वाळायला ठेवलं होतं. सासूबाई चष्मा लावून जवळ आल्या, बराच वेळ बघत राहिल्या.

"ओळखू येतोय गं. पण शेपूट कुठाय?"

"उडाला तो, आई."

"बरं झालं," असं म्हणून त्या ज्वारीची वाटी घेऊन गच्चीकडे गेल्या.